धडधडीचा अ‍ॅटॅक गेल्यावर ईसीजी नॉर्मलच येतो, तरी ईपी स्टडी (हृदयातल्या विजेची आतून तपासणी) करायची का?

पोळीभाजी_इस्लामपूर

नमस्कार मंडळी. वय ४१, घरगुती पोळीभाजी केंद्र चालवते. बीपी नाही, शुगर नाही, थायरॉइड तपासून झालं.

गेली काही वर्षं मला मधूनच धडधड होते. जिना चढल्यावर होते तशी नव्हे. खाली वाकून कणकेची परात उचलायला गेलं की छातीत एकदम खट् होतं आणि त्या क्षणापासून ठोके असे सुटतात की मोजायची सोय नाही. हनुवटीखाली, गळ्यात काहीतरी टपटप उडत राहतं. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना ते समोरून दिसतं. 'ताई, लागलं वाटतं तुमचं मशीन,' म्हणतात. कधी वीस मिनिटं, कधी तास. आणि जसं सुरू झालं तसंच खट्‌दिशी बंद. त्यानंतर सारखी लघवीला पळते आणि दुपारभर अंगात त्राण नसतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. चोवीस तासांचं होल्टर लावलं तर त्या दिवशी आलंच नाही. एका डॉक्टरांनी टेन्शनच्या गोळ्या लिहून दिल्या. सासूबाई म्हणतात, मनाला फार लावून घेतेस. ह्यांचं मत विचारलं तर गप्प बसतात, पण चेहऱ्यावर दिसतं.

मागच्या महिन्यात मात्र धडधड चालू असतानाच जवळच्या नर्सिंग होममध्ये जाऊन पोचले. ईसीजीची पट्टी काढली, ठोके १८८. मग हाताच्या शिरेत एक इंजेक्शन झटकन मारलं आणि मागोमाग सलाइन ढकललं. छाती आवळली, तोंड गरम झालं, वाटलं की आता मी काही उरत नाही. आणि तेवढ्यात सगळं थांबलं. डॉक्टर म्हणाले, पीएसव्हीटी (एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी वेगवान धडधड) आहे, पुण्याला दाखवा. पुण्याच्या डॉक्टरांनी पट्टी बघून सांगितलं, 'ईपी स्टडी करू. सापडलं तर त्याच टेबलावर आरएफए करून टाकू, म्हणजे ती जागा तापवून बंद करू.' तोवर ठोके आवरायला मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे.

आता माझा घोळ असा. एकदा सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हटल्यावर परत हृदयात वायरी कशाला घालायच्या? ही अँजिओग्राफीच असते का? त्यात म्हणे मुद्दाम अ‍ॅटॅक आणतात! सासूबाईंनी 'हृदयाला आतून चटके' एवढंच ऐकलं आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण झालं आहे. गोळ्यांवर राहिलं तर नाही का चालणार? कुणी करून घेतली असेल तर खरं काय ते सांगा. सबुरीने वाचेन.

---

डेल्टावाला_नाशिक

ताई, मी केली आहे. माझं तुमच्यापेक्षा वेगळं, डब्ल्यूपीडब्ल्यू. जन्मापासून हृदयात एक जास्तीची वायर असते. माझ्या साध्या ईसीजीतच दिसायचं, कंपनीच्या मेडिकलला पकडलं गेलं. टेबलावर जागा होतो. टोचताना दुखलं, नंतर आत काही फिरतंय असं कळलंसुद्धा नाही. अ‍ॅटॅक आणला तेव्हा मात्र कळलं! पण मोठी गंमत म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा धडधडत असताना मला भीती वाटली नाही, कारण आजूबाजूच्या माणसांपैकी एकाच्याही तोंडावर काळजी नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी. कंट्रोलरूमवाले दादा या फोरमवर आहेत, ते नीट सांगतील.

---

कंट्रोलरूमवाला

बोलावलंच आहे तर लिहितो. मी डॉक्टर नाही. कॅथ लॅबमध्ये काचेच्या अलीकडे बसणारा टेक्निशियन आहे. ईपीच्या केसला सिग्नल बघणं आणि स्टिम्युलेटर (हृदयाला बाहेरून ठोके देणारं यंत्र) चालवणं हे माझं काम, पोटापाण्याचा धंदाच तो. तेव्हा औषधोपचार तुमच्या डॉक्टरांकडून, आणि टेबलावर काय चालतं ते माझ्याकडून.

ताई, तुम्ही लिहिलंय त्यात निम्मं निदान आहे. एकदम सुरू, एकदम बंद, वाकल्यावर लागणं, गळ्यात उडणं, नंतर लघवी. टेन्शनची धडधड चढत चढत जाते आणि उतरत उतरत येते, तिला असं बटण नसतं. गळ्यातलं उडणं का, तर तुमच्या अ‍ॅटॅकमध्ये वरचे कप्पे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच क्षणी आवळतात. मधली झडप तेव्हा बंद असते, मग वरच्या कप्प्यातलं रक्त उलटं मानेच्या शिरांत आपटतं. तेच मावशींना दिसतं. वरचे कप्पे असे ताणले गेले की त्यांच्यातून एक हार्मोन सुटतं, ते मूत्रपिंडाला पाणी सोडायला सांगतं. म्हणून पळापळ. यातलं काहीही मनाला लावून घेतल्याने होत नाही, सासूबाईंना हे वाचून दाखवा. बायकांच्या पीएसव्हीटीवर घबराटीचा शिक्का बसणं ही नवी गोष्ट नाही. आमच्याकडे टेबलावर आलेल्या कित्येकींच्या फायलीत मनाच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी असते.

आता रिपोर्टचं. अ‍ॅटॅक नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल येणार, त्यात नवल काय? इको पंप आणि झडपा दाखवतो, विजेचा मार्ग दाखवत नाही. होल्टर त्या दिवसापुरतं. आणि नाही, ही अँजिओ नव्हे. अँजिओ धमनीतून करतात, डाय सोडून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत अडथळा आहे का ते बघतात. ईपी स्टडी शिरेतून होते, बहुतेक वेळा उजव्या जांघेतून. डाय लागत नाही. बघायचं असतं ते एवढंच, की ठोक्याची वीज कुठून निघते, कुठून जाते आणि कुठे भरकटते.

तुमचा आजार बहुधा एव्हीएनआरटी असेल, पीएसव्हीटीत सगळ्यात जास्त आढळणारा तोच, आणि बायकांत जास्त. 'बहुधा' म्हणतोय, कारण नक्की करण्यासाठीच ही तपासणी आहे. तुम्ही इस्लामपूरच्या, म्हणजे खंबाटकी तुमच्या पायाखालची. जुन्या रस्त्याने पुण्याहून येताना गाडी घाट चढून येते, पुण्याला जाताना बोगद्यातून जाते. तुमच्या हृदयात वरून खाली वीज जायच्या नाक्यावर (एव्ही नोड म्हणतात त्याला) असेच दोन रस्ते आहेत, एक हळू, एक जलद. एरवी वीज जलद रस्त्याने निघून जाते, हळू रस्त्याचं काम पडत नाही. पण एखादा ठोका वेळेआधी पडला की जलद रस्ता अजून सावरलेला नसतो, मग वीज घाटाने जाते. ती खाली पोचेस्तोवर बोगदा मोकळा झालेला असतो, ती तिथून परत वर येते, आणि पुन्हा घाट. झाली घिरटी सुरू. मिनिटाला १८८ घिरट्या. ते इंजेक्शन अ‍ॅडेनोसिन असणार, ते नाका काही सेकंद बंद करतं आणि फेरा तुटतो. त्याचा असर सेकंदांचा असतो, म्हणूनच झटकन मारून मागून सलाइन ढकलतात.

मग मुद्दाम अ‍ॅटॅक का आणायचा? कारण तो तुमच्या सोयीने येत नाही. वाट बघत बसण्यापेक्षा खोलीत डॉक्टर, डिफिब्रिलेटर, औषधं सगळं तयार असताना आम्ही तो बोलावतो, कोणत्या वाटेने फिरतो ते बघतो, आणि थोडं वेगाने पेसिंग करून (म्हणजे वायरीतून ठोके देऊन) दोन-चार सेकंदांत थांबवतो. बहुतेकदा इंजेक्शनही लागत नाही. नर्सिंग होममध्ये जे मरणाचं वाटलं त्याच्या निम्मंही टेबलावर वाटणार नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. खोली गार असते, अंगावर पांघरूण मागून घ्या, लाजू नका. टेबल अरुंद. छाती-पाठीला बरेच पॅचेस चिकटवतात, त्यातले दोन मोठे शॉकचे. ते फक्त खबरदारीला, बघून घाबरायचं नाही. जांघ साफ करून हिरवा कपडा टाकतात आणि लोकलची सुई. ती झोंबते. त्यानंतर फक्त दाब कळतो. एकाच शिरेत दोन-तीन शीथ (बारीक नळ्या) घालतात आणि त्यांतून शेवयांपेक्षा थोडे जाड कॅथेटर, म्हणजे त्या वायरी, वर सरकतात. एक वरच्या कप्प्यात, एक हिसपाशी, एक खालच्या कप्प्याच्या टोकाला, एक कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाच्या मागच्या शिरेत). शेवटचा कधी मानेतून घालतात.

हिस म्हणजे नाक्यातून खाली उतरणाऱ्या विजेची मुख्य दोरी. साध्या ईसीजीत तिची वीज दिसतच नाही. आमच्या पडद्यावर मात्र वरच्या कप्प्याचा मोठा ठसा, खालच्या कप्प्याचा मोठा ठसा, आणि दोहोंच्या मधे एक बारीक टोकदार खूण दिसते, ती हिस. साधा ईसीजी सेकंदाला २५ मिलिमीटरने पळतो, आम्ही १०० किंवा त्याहून वेगाने पळवतो, म्हणून मिलिसेकंद मोजता येतात. हिसपासून खालच्या कप्प्यापर्यंत ३५ ते ५५ मिलिसेकंद लागले तर ठीक.

मग माझं काम. मी आठ ठोके ठरावीक अंतराने देतो, समजा ६०० मिलिसेकंदांनी, आणि नववा लवकर, ४०० वर. पुढच्या फेरीत ३९०. मग ३८०. दहा-दहाने खाली. तुम्हाला वाटतं छातीत कुणी ठेका चुकवतंय. एका आकड्यावर असं होतं की मी दहाच कमी केले, पण वीज नाक्यातून उतरायला एकदम ५० किंवा त्याहून जास्त उशीर लागला. म्हणजे जलद रस्ता नाकारला गेला आणि घाट धरला. काचेआडून मी 'जंप' म्हणतो, आणि बऱ्याचदा तो शब्द पुरा व्हायच्या आत टॅकी (म्हणजे तुमची ती धडधड) लागलेली असते. नाहीच लागली तर ठोके वाढवणाऱ्या आयसोप्रिनालिनचं सलाइन लावतात, त्याने हात थरथरतात, तोंड लाल होतं, बंद केल्यावर लगेच उतरतं.

टॅकी लागली की ती तीच आहे ना हे तपासायचं. डब्ल्यूपीडब्ल्यूसारखी छुपी वायर असते, वरच्या कप्प्यातली वेगळी जागा असते, बाहेरून तिन्ही सारख्याच. खालून पेसिंग करून, थांबवून, परतीचा ठोका किती वेळाने आला ते मोजून वेगळं करतात. इथे डॉक्टर आणि मी एकमेकांशी आकड्यांत बोलतो. पेशंटना वाटतं काही बिघडलं. तसं नसतं, आमचं बोलणंच तसं.

चटक्यांबद्दल. आरएफए म्हणजे शॉक नव्हे, मोठा भाजलेला भागही नव्हे. कॅथेटरचं टोक चार मिलिमीटरचं, ते हळू रस्त्याच्या जागी टेकवून ५० ते ६० अंशांपर्यंत तापवतात, तीस-चाळीस सेकंद. छातीत किंवा मानेकडे थोडं दुखू शकतं, तेव्हा बोलायचं, पण हलायचं नाही. खोल श्वास घ्यायचा नाही, खोकायचं नाही, हेच तुमचं खरं काम. बरोबर जागी बर्न बसला की नाक्यातूनच सावकाश ठोके सुटायला लागतात, जंक्शनल म्हणतो आम्ही. ते चांगलं लक्षण. पण त्या प्रत्येक ठोक्यामागे वरच्या कप्प्याचा ठसा येतोय का ते मी डोळ्यांत तेल घालून बघतो. एक जरी चुकला तरी ऑफ. कारण जलद रस्ता तिथून काही मिलिमीटरवरच असतो आणि त्याला धक्का लागला तर कायमचा ब्लॉक होऊन पेसमेकर लागू शकतो. हा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात. यश शंभरात पंचाण्णवच्या वर. दोन्ही आकडे तुमच्या डॉक्टरांकडून, त्यांच्या स्वतःच्या केसेसचे विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही.

शेवटी अर्धा तास थांबून परत सगळं छेडून बघतो. टॅकी लागायलाच नको. मग शीथ काढून जांघ दाबून धरतात, पाय सरळ ठेवून चार-सहा तास पडून राहायचं. पेशंट सगळ्यात जास्त कटकट याचीच करतात.

---

साधा_माणूस_६२

एवढं मोठं लिहिलंत, पण मूळ मुद्दा बाजूलाच. ज्या आजाराने माणूस मरत नाही त्याच्यासाठी हृदयात वायरी? आमच्या वेळी धडधड झाली की गार पाणी तोंडावर मारायचे, श्वास कोंडायचे, जायची. आता प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलला मशीनचे हप्ते फेडायचे असतात. अर्जुनारिष्ट, प्राणायाम, जागरण बंद. सहा महिने करून बघा. आणि हे सगळं नवीन प्रकरण, वीस वर्षांनी काय परिणाम होतात कुणी बघितलंय?

---

कंट्रोलरूमवाला

काका, गार पाणी आणि श्वास कोंडणं याला मी हसणार नाही. खरंच लागू पडतं, कारण त्याने व्हेगस नर्व्ह चाळवते आणि नाका थोडा वेळ मंदावतो. त्यातही नीट पद्धत आहे, ताईंना उपयोगी पडेल. अर्धवट बसून १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडात इतकं जोरात फुंकायचं की दट्ट्या जेमतेम हलेल, असं १५ सेकंद. संपल्या संपल्या आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने दोन्ही पाय ४५ अंशांत उचलून आणखी १५ सेकंद धरायचे. २०१५ साली इंग्लंडमधल्या रुग्णालयांत याची चाचणी झाली. नुसतं फुंकून १७ टक्के लोकांचे ठोके जागेवर आले, पाय उचलल्यावर ४३ टक्के. फुकटात. मावशींना पाय उचलायला शिकवून ठेवा, पण आधी एकदा डॉक्टरांना विचारून. मानेची नस चोळायचा उद्योग मात्र घरी करू नका.

मरत नाही हेही बरोबर. एव्हीएनआरटीत हृदय एरवी निरोगी असेल तर जिवाला धोका सहसा नसतो. म्हणून घाई नाही, आणि 'आजच्या आज भरती व्हा' असं कुणी घाबरवलं तर दुसरं मत घ्या. वर्षातून एखादा छोटा अ‍ॅटॅक असेल तर काही न करणं हेही उत्तर आहे. गोळ्या हेही. त्यांनी अ‍ॅटॅक कमी होतात, रस्ता मात्र तसाच राहतो, आणि काहींना थकवा येतो, बीपी उतरतं. पण नाशिकच्या डेल्टावाल्याला तुमचा सल्ला देऊ नका, काका. जास्तीची वायर असलेल्या माणसाला कधी एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) लागलं तर त्या वायरीतून वीज बेफाम खाली उतरते आणि जीवावर बेतू शकतं. एव्हीएनआरटीत चालणारी व्हेरापामिलसारखी औषधंही तेव्हा उलटतात. बाहेरून दोन्ही धडधडच. फरक आत गेल्यावर कळतो. हेच माझं म्हणणं आहे: नाव कळल्याशिवाय 'काही होत नाही' म्हणायचं कशाच्या जोरावर?

नवीन प्रकरण म्हणाल तर डब्ल्यूपीडब्ल्यूचं वर्णन १९३० चं आहे, वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांचं. हिस साहेबांनी ती दोरी १८९३ मध्ये दाखवली, तवारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी जर्मनीत बसून १९०६ मध्ये नाका शोधला. ठोके देऊन टॅकी आणायची आणि थांबवायची ही युक्ती १९६७ मध्ये ॲमस्टरडॅमला ड्युरर आणि पॅरिसला कूमेल यांनी वेगवेगळी काढली. १९६९ मध्ये शेरलॅगनी हिसची खूण कॅथेटरने पकडून दाखवली. त्यानंतरही बरीच वर्षं छाती उघडून ऑपरेशन हाच इलाज होता, पहिलं १९६८ ला अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात झालं. १९८२ ला कॅथेटरमधून थेट शॉक द्यायला लागले, तो भयंकर प्रकार होता. आरएफने ते मागे टाकलं आणि १९९०च्या दशकापासून ते सर्रास झालं. वीस वर्षांनी काय होतं ते बघून झालंय, काका.

हप्त्यांचा मुद्दा सोडत नाही, त्यात तथ्य आहे. ताई, खर्चाचा आकडा मी इथे टाकणार नाही, कारण तो शहर, खोली आणि सामान यांवर हलतो आणि मग लोक तोच आकडा धरून भांडतात. पण हे विचारा. पॅकेजमध्ये ईपी आणि आरएफए दोन्ही आहे का? काही सापडलं नाही तर नुसत्या ईपीचे किती? कॅथेटर नवीन की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला? आपल्याकडे दुसरा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो, नियमाने केला तर मला त्यात वावगं वाटत नाही, पण बिलात नव्याचे पैसे लावलेले नसावेत. थ्री-डी मॅपिंग सांगितलं तर 'कशासाठी' विचारा. साध्या एव्हीएनआरटीला एक्स-रेवर काम होतं. किरण टाळायचे असतील, गरोदरपण असेल, किंवा किचकट केस असेल तर थ्री-डी रास्त. फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये बसतं का, ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला फाइल दाखवून आधीच लेखी विचारून घ्या.

---

चिपळूणकरीण

थोडी वेगळी बाजू सांगते. माझे वडील ७४, त्यांना धडधड कधीच नव्हती. ते पडायचे. उभ्या उभ्या, काही पूर्वसूचना नाही. एकदा तर अंगणात सडा घालताना बादलीसकट. ईसीजीत बंडल ब्रांच ब्लॉक (खालच्या वायरींपैकी एकीत अडथळा) होता, पण तो कित्येक वर्षं होता आणि त्याने माणूस पडतोच असं नाही, म्हणून मेंदूचा एमआरआय, फिटचा ईईजी सगळं करून झालं. शेवटी ईपी स्टडी केली. त्यात वर दादांनी लिहिलंय तो ३५ ते ५५ चा आकडा बाबांचा ८२ आला. म्हणजे खालच्या दोरीत वीज मधेच अडकत होती. पेसमेकर बसवला. त्यानंतर पडलेले नाहीत, फक्त मोबाइल उजव्या खिशात ठेवायला सांगितला तर रोज डाव्याच खिशात असतो.

सांगायचं असं, की प्रत्येक वेळी जाळायचंच असतं असं नाही. बाबांच्या वेळी अर्ध्या तासात तपासणी आटोपली होती.

---

कंट्रोलरूमवाला

+१. तो मिलिसेकंदांचा आकडा सत्तरच्या वर गेला की पेसमेकरचा निर्णय सोपा होतो, ८२ म्हणजे वाद नाहीच. मंद ठोक्यांसाठी ईपी करतात हे लोकांना माहीतच नसतं, बरं झालं लिहिलंत.

---

पोळीभाजी_इस्लामपूर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचंही, कारण सासूबाईंना तुमचंच पटलं होतं, त्यामुळे दादांचं उत्तर त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. खंबाटकीपाशी म्हणाल्या, 'मग घाट बंद केला तर लोक येणार कुठून?' मी म्हटलं बोगद्यातून. 'दोन्हीकडून?' म्हणाल्या. आता हे तुम्हीच सांगा.

डॉक्टरांकडे जाऊन आले. सिरिंज, पाय, सगळं विचारलं, चालेल म्हणाले. त्यांच्या केसेसचे आकडेही सांगितले, चिडले नाहीत. करायचं ठरवलंय. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी संपल्यावरची तारीख मागितली आहे. आणखी थोडं विचारते. मेटोप्रोलॉल चालू असताना अ‍ॅटॅक आणता येतो का? पाळी आली तर? भाच्याच्या घड्याळात ईसीजी निघतो, ते घालून ठेवू का? आणि परात कधीपासून उचलू? चकल्यांचा सोऱ्या दाबायलाही जोर लागतो.

---

कंट्रोलरूमवाला

सासूबाई माझ्यापेक्षा हुशार आहेत. हो, दोन्हीकडून. उपमा तिथे संपते. जलद रस्ता दोन्ही दिशांना चालतो, एकेरी वाहतुकीचा फलक तिथे नाही, आणि हळू रस्ता गेल्याने रोजच्या ठोक्याला काही कमी पडत नाही.

मेटोप्रोलॉल आधी बंद करावी लागते, नाहीतर आम्ही ठोके देत बसतो आणि टॅकी लागत नाही, सगळी तयारी फुकट. साधारण दोन ते पाच दिवस आधी थांबवतात, पण नेमकी तारीख डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. माझं वाचून स्वतः बंद करू नका. बंद केल्यावर मधल्या दिवसांत अ‍ॅटॅक आला तर सिरिंज आहेच, थांबला नाही किंवा चक्कर आली तर सरळ हॉस्पिटल.

पाळी आली तर तपासणी अडत नाही. तारखेच्या दोन दिवस आधी मात्र फोन करून विचारा, आणि गरोदर नाही याची खात्री करून घेतील, एक्स-रे असतो म्हणून.

घड्याळ जरूर घाला. एकाच लीडचा ईसीजी असतो, पण धडधड चालू असताना काढलेली पट्टी आम्हाला सोन्यासारखी. चालू असताना काढा, थांबल्यावर नव्हे, आणि पीडीएफ जपून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नर्सिंग होमची ती १८८ ची पट्टी. तो कागद थर्मल असतो, कपाटात पडून पांढरा होतो, प्लास्टिकच्या पाकिटात तर लवकर. आज त्याची झेरॉक्स काढा आणि फोनमध्ये फोटो घ्या. एका पेशंटच्या पट्टीवर फक्त तारीख उरलेली मी पाहिली आहे.

परात आठवडाभर दुसऱ्याला उचलू दे. जांघेतलं भोक बारीक असतं, पण जोर दिला तर आत रक्त साकळतं. शिंक किंवा खोकला आला तर त्या जागी हात दाबून धरायचा. लिंबाएवढी गाठ फुगली, पाय गार पडला किंवा ताप आला तर वाट न बघता फोन. सोऱ्याचा जोर हातांचा आहे, तरी उकिडवं बसून नको, ओट्याशी उभं राहून चालेल.

आणि एक. नंतरचे काही आठवडे मधेच एखादा ठोका चुकेल, छातीत खट् होईल, वाटेल आलं परत. बहुतेकांना होतं. खट् होऊन तिथेच थांबलं, पुढे धडधड लागली नाही, तर काही करायचं नाही. लागलीच तर घड्याळावर बोट.

---

डेल्टावाला_नाशिक

आणि ताई, उपाशीपोटी बोलावतात, नंबर लागेस्तोवर दुपार होते. मोबाइलचा चार्जर लांब वायरीचा न्या. पाय सरळ ठेवून पडलेलं असताना प्लग कायम डोक्यामागे असतो.